संगणकातली वीज आणि तिचा आवाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवेतल्या ठिणग्या आणि विजा संगणकावर उभ्या करायच्या आणि त्यांच्या आकारातून त्यांचा आवाज काढायचा, हे काम मी काही वर्षे करतो आहे. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, नाटकाला ध्वनी देणारे, गेम बनवणारे आणि विजेची नुसती ओढ असलेले लोक यांच्याकडून तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरे इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

मेघगर्जनेची इतकी रेकॉर्डिंग्ज मिळतात. मग सिम्युलेशन कशाला?

रेकॉर्डिंग म्हणजे एक वीज, एका जागेवरून ऐकलेली. ऐकणाऱ्याला जागचे हलवता येत नाही. आपल्या भाषेने इथे फार नेमके निरीक्षण करून ठेवले आहे. जवळची वीज कडाडते, लांबची गडगडते. वीज एकच असते, फक्त ऐकणारा कुठे उभा आहे ते बदलते. सिम्युलेशनमध्ये तीच वीज तुम्ही शंभर मीटरवरून ऐकू शकता, मग पाच किलोमीटरवरून, आणि कडकडाटाचा गडगडाट कसा होत जातो ते पायरीपायरीने पाहू शकता. मला या विषयाची गोडी लागली ती तिथेच.

हवा तर विजेची वाहक नाही. मग तिच्यातून वीज जाते कशी?

हवेत थोडे मोकळे इलेक्ट्रॉन नेहमीच असतात. विद्युत क्षेत्र पुरेसे तीव्र असेल तर असा इलेक्ट्रॉन वेग घेतो, रेणूवर आदळून आणखी एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो, मग दोनाचे चार, चाराचे आठ. समुद्रसपाटीला त्यासाठी मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात, म्हणजे सेंटीमीटरला ३० हजार.

अडचण अशी की ढगांत प्रत्यक्ष मोजलेले क्षेत्र बहुतेक वेळा मीटरमागे १ ते ४ लाख व्होल्टच असते. वर हवा विरळ असते म्हणून मर्यादा खाली येते, हे खरे, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. गारांच्या आणि थेंबांच्या टोकांशी क्षेत्र एकवटते आणि तिथून सुरुवात होते, ही त्यावरची नेहमीची मांडणी आहे. एकदा सुरुवात झाली की वाहक झालेल्या वाटेचे टोक स्वतःच पुढचे क्षेत्र तीव्र करते, म्हणून वाट पुढे सरकत राहते.

जमिनीकडे येणारी वाट टप्प्याटप्प्याने उतरते. एक टप्पा साधारण ५० मीटरचा, दोन टप्प्यांमध्ये २० ते ५० मायक्रोसेकंदांची उसंत. सरासरी वेग सेकंदाला सुमारे २ लाख मीटर. जमिनीशी सांधा जुळला की त्याच वाटेने खालून वर प्रचंड प्रवाह उसळतो. पहिल्या लोटाचा शिखरप्रवाह ३० हजार अँपिअरच्या आसपास असतो आणि वेग प्रकाशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. डोळे दिपवणारी वीज ती हीच, आणि आवाजही मुख्यतः हिचाच.

ढग एकमेकांवर आपटतात म्हणून आवाज होतो ना?

नाही. ढग म्हणजे हवेत तरंगणारे थेंब आणि बर्फाचे कण. त्यांची टक्कर ऐकू येत नाही. आवाज होतो तो विजेच्या वाटेतली हवा काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३० हजार केल्विनपर्यंत तापल्यामुळे. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापमान हे. इतक्या कमी वेळात हवेला पसरायला सवड मिळत नाही, त्यामुळे वाटेतला दाब भोवतालच्या दहापट किंवा त्याहून जास्त होतो. ती हवा बाहेर ढकलली जाते तेव्हा आधी धक्कालहर निघते. ती लवकरच मंदावते आणि साधी ध्वनिलहर होऊन पुढे जाते. तिचा आलेख रोमन लिपीतल्या ‘एन’ अक्षरासारखा दिसतो. दाब एकदम वर, मग उतरत उतरत शून्याखाली, मग एकदम परत जागेवर. पुढे मी तिला ‘एन-लहर’ म्हणतो.

स्वेटर काढताना ‘चट्’ होते आणि वीज ‘धडाम्’ करते. दोन्ही ठिणग्याच, मग आवाजात एवढा फरक कसा?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच आहे, कारण एका ओळीच्या सूत्रात त्याचे उत्तर मावते.

धक्कालहर कुठवर धक्कालहर राहते? तिने जितकी हवा बाजूला सारली, त्या हवेविरुद्ध केलेले काम तिला मिळालेल्या ऊर्जेइतके होईपर्यंत. त्या अंतराला शिथिलन त्रिज्या म्हणू. वाटेच्या एक मीटर लांबीत ओतलेली ऊर्जा घ्या, तिला पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले वातावरणाच्या दाबाने भागा आणि वर्गमूळ काढा. आर्थर फ्यू या संशोधकांनी १९६९ मध्ये गर्जनेच्या वर्णपटाची, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज असतो याची, मांडणी याच कल्पनेवर केली. त्यांच्या सूत्रातून मुख्य तरंगलांबी या त्रिज्येच्या सुमारे २.८ पट येते.

आता आकडे घालून पाहा. विजेची ऊर्जा मीटरमागे १ लाख ज्यूल धरली तर त्रिज्या ५६ सेंटीमीटर, तरंगलांबी दीड मीटरच्या थोडी वर आणि मुख्य वारंवारता सुमारे २१५ हर्ट्झ. घुमणारा, छातीत जाणवणारा आवाज. स्वेटरच्या ठिणगीकडे वळा. माणसाच्या शरीराची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण १०० पिकोफॅरड, विभव (व्होल्टेज) १० हजार व्होल्ट धरला तर सगळी मिळून ऊर्जा ५ मिलिज्यूल. ती ३ मिलिमीटरच्या ठिणगीत गेली तर मीटरमागे दीड-पावणेदोन ज्यूल, त्रिज्या सव्वादोन मिलिमीटर आणि मुख्य वारंवारता ५० हजार हर्ट्झच्या वर. आपले कान २० हजारांपाशी थांबतात. म्हणजे थंडीतल्या कोरड्या रात्री नागपूर-नाशिककडे अंथरुणात ऐकू येणारे ‘चट्’ हे त्या आवाजाचे खालचे शेपूट आहे. बहुतेक आवाज आपल्याला कळतच नाही.

विजेच्या ऊर्जेचे अंदाज मीटरमागे १ हजार ते १ लाख ज्यूल असे पसरलेले आहेत, त्यामुळे प्रोग्राममध्ये हा आकडा बदलता येईल असाच ठेवा. १ हजार धरलात तर आवाज सव्वादोन हजार हर्ट्झवर जातो आणि मोठ्या ठिणगीसारखा ऐकू येतो. प्रवासात एन-लहर लांबते हेही लक्षात घ्या. तिचे पुढचे टोक किंचित वेगाने जाते आणि मागचे किंचित हळू, त्यामुळे लांबवर आवाज आणखी खाली उतरतो.

विजेचा वेडावाकडा आकार कसा काढायचा?

दोन वाटा आहेत, मी दोन्ही वापरतो.

पहिली वाट १९८४ मध्ये निमायर, पिएत्रोनेरो आणि वीसमान यांनी दाखवलेली. एक जाळी घ्या. वरची सुरुवातीची चौकट शून्य विभवावर, जमीन एकवर. मधल्या सगळ्या चौकटींसाठी लाप्लासचे समीकरण सोडवा, म्हणजे प्रत्येक चौकटीचा विभव हा तिच्या शेजाऱ्यांची सरासरी येईपर्यंत फेऱ्या मारा. मग वाटेला लागून असलेल्या रिकाम्या चौकटींपैकी एक निवडा. निवडीची शक्यता तिथल्या विभवाच्या ‘ईटा’ घाताच्या प्रमाणात; ईटा हा आपण ठरवायचा आकडा. निवडलेली चौकट वाटेत घ्या, समीकरण पुन्हा सोडवा, पुन्हा निवडा.

सगळी गंमत त्या ईटात आहे. तो शून्य ठेवला तर नुसता गोळा वाढतो. एक ठेवला तर दाट फांद्यांचे झुडूप येते आणि सपाट जाळीवर त्याची फ्रॅक्टल मिती (आकार जागा किती भरतो याचे माप; रेघेची १, भरीव पृष्ठाची २) १.७ च्या आसपास निघते. १७७७ मध्ये गटिंगेनमध्ये लिश्टेनबर्ग यांना भारित पृष्ठभागावर धूळ टाकल्यावर ज्या आकृत्या दिसल्या, त्या या झुडपाच्या जातीच्या. ईटा तीनपर्यंत नेला की फांद्या गळतात आणि आभाळातली वीज दिसू लागते.

दुसरी वाट फार स्वस्त आहे. हिल यांनी १९६८ मध्ये विजेच्या फोटोंवरून मोजले की वाटेचा एक तुकडा पुढच्या तुकड्याशी सरासरी सुमारे १६ अंशांनी वळतो. तर मग वरून निघा, दर तुकड्याला सरासरी १६ अंश वळण येईल असा यादृच्छिक कोन घ्या, जमिनीकडे थोडा ओढा ठेवा. पायथनच्या वीस-पंचवीस ओळींत काम होते. चित्रासाठी मी पहिली वाट घेतो आणि आवाजासाठी दुसरी, कारण जाळीच्या चौकटींचे कोपरे आवाजात उमटतात.

इलेक्ट्रॉनपासून सुरुवात करून खरेखुरे भौतिकशास्त्रच का सोडवत नाही?

सोडवतात, पण काही सेंटीमीटरपुरते. डिस्चार्जच्या, म्हणजे हवेतून वीज वाहू लागलेल्या वाटेच्या, टोकाशी क्षेत्र काही मायक्रोमीटरमध्ये बदलते. तिथे इलेक्ट्रॉनांचे वहन आणि विसरण, आयनीभवन, आणि नायट्रोजनच्या अतिनील प्रकाशाने ऑक्सिजनमधून सुटणारे इलेक्ट्रॉन हे सगळे एकत्र सोडवावे लागते, तेही पिकोसेकंदांच्या पावलांनी. अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित व संगणनशास्त्र संस्थेत बनलेला ‘अफिवो-स्ट्रीमर’ हा मुक्त प्रोग्राम हे काम करतो. गरज पडेल तिथे तो जाळी बारीक करतो. पण पाच किलोमीटरची वीज पाच मायक्रोमीटरच्या चौकटींत मांडायची तर नुसत्या एका सरळ रेषेवरच १०० कोटी चौकटी होतात.

आकार मिळाला. त्यातून आवाज कसा काढायचा?

वाटेचे बारीक तुकडे करा. प्रत्येक तुकड्यातून एक एन-लहर निघते असे धरा. तुकड्यापासून कानापर्यंतचे अंतर काढा, त्याला ध्वनीच्या वेगाने भागा, तेवढ्या उशिरा आणि अंतराने भागलेल्या जोराने ती लहर ध्वनीच्या यादीत मिळवा. सगळे तुकडे झाले की गर्जना तयार. रिबनर आणि रॉय यांनी १९८२ मध्ये वेड्यावाकड्या वाटेवरून अशीच बेरीज करून कृत्रिम गर्जना बनवली होती. त्या काळी ते मोठे काम होते, आज साध्या लॅपटॉपवर क्षणात होते. विजेचा लोट पाच किलोमीटर ५० मायक्रोसेकंदांत पार करतो, त्यामुळे सगळे तुकडे एकाच क्षणी वाजले असे धरायला हरकत नाही.

या बेरजेत एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. एन-लहरीत दाब जितका वर जातो तितकाच खाली येतो, तिची एकूण बेरीज शून्य. सरळ तुकडा कानाच्या दिशेने रोखलेला असेल तर त्याच्या लांबीभरच्या लहरी एकामागोमाग येतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. उरतो तो फक्त टोकांचा आवाज. तोच तुकडा कानाला आडवा असेल तर सगळ्या लहरी एकदम पोचतात आणि एक जोरदार तडाखा बसतो.

म्हणून वीज काठीसारखी सरळ असती तर एक कडाका झाला असता आणि पुढे जवळजवळ शांतता. गडगडाट येतो तो वळणांमुळे. वाट जिथे जिथे वळून आपल्याला आडवी होते, तिथून एक एक तडाखा निघतो आणि ते आपापल्या वेळेला पोचत राहतात.

जवळून ऐकताना आरंभ इतका तीव्र का, तेही मोजता येते. शंभर मीटरवर सरळ उभी वीज धरा. पहिला आवाज पोचल्यापासून पहिल्या १० मिलिसेकंदांत पायथ्याकडची २६ मीटर वाट बोलून घेते. दोन किलोमीटर उंचीवरची वाट मात्र १० मिलिसेकंदांना जेमतेम साडेतीन मीटर बोलते, तीही वीसपट अंतरावरून. गुणाकार केला तर आरंभ त्या उंचीच्या आवाजाहून दीडशेपट वजनदार ठरतो. पाच किलोमीटरवर उभ्या माणसासाठी हेच गुणोत्तर वीस-बावीसवर येते. पहिला ऐकतो तो कडकडाट, दुसरा ऐकतो तो गडगडाट.

माझ्या गर्जनेत शिट्टी ऐकू येते. काय चुकले?

तुमचे तुकडे एकसारख्या लांबीचे आहेत. मीही हीच चूक केली होती आणि दोन आठवडे फिल्टर बदलत बसलो होतो. एक मीटरच्या तुकड्यांना एकेक बिंदू धरले आणि वाट कानाकडे रोखलेली असली, तर लहरी बरोबर एक-एक मीटरच्या फरकाने पोचतात, म्हणजे सेकंदाला ३४३. तो ३४३ हर्ट्झचा सूर झाला. फिल्टरने तो जात नाही. तुकडे तरंगलांबीच्या दहाव्या भागाइतके बारीक करा आणि लांबी थोडी अनियमित ठेवा. १५ सेंटीमीटरचे तुकडे घेतले तरी पाच किलोमीटरला ३३ हजारच होतात.

फांद्यांचा आवाज धरायचा का? आणि वीज लुकलुकते ते?

फांद्या धरा, पण कमी ऊर्जेच्या, कारण मोठा प्रवाह मुख्य वाटेतून जातो. लुकलुकणे म्हणजे त्याच वाटेने पुन्हा पुन्हा गेलेले लोट. एका विजेत तीन ते पाच लोट नेहमीचे, मध्ये काही दहा मिलिसेकंदांचे अंतर. तयार झालेला आवाज तेवढा सरकवून, थोडा हलका करून स्वतःतच मिळवा.

लांबच्या विजेचा आवाज बोदा का होतो?

हवा उंच सूर खाऊन टाकते. नेहमीच्या तापमान-दमटपणात १ हजार हर्ट्झचा आवाज किलोमीटरमागे साधारण ५ डेसिबलने उतरतो, ४ हजारांचा २० हून अधिकने. शंभर-सव्वाशे हर्ट्झला अर्धा डेसिबलसुद्धा नाही. त्यामुळे प्रत्येक तुकड्याला त्याच्या अंतराप्रमाणे वेगळा फिल्टर हवा. सगळ्या आवाजाला एकच फिल्टर लावला तर कान लगेच ओळखतो.

दुसरे कारण तापमान. वर हवा थंड आणि ध्वनी हळू, त्यामुळे लहरी वरच्या बाजूला वळतात आणि लांबच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातात. म्हणून २०-२५ किलोमीटरपलीकडची वीज दिसते पण सहसा ऐकू येत नाही.

डोंगरातली गर्जना वेगळी वाटते. ती कशी आणायची?

कड्याच्या पलीकडे आरशातल्यासारखी दुसरी वीज आहे असे धरा आणि तिचाही आवाज मिळवा. तुमच्या मागे ३४३ मीटरवर कडा असेल आणि वीज समोर असेल, तर प्रतिध्वनी दोन सेकंदांनी येतो. सह्याद्रीतल्या अरुंद दरीसाठी असे तीन-चार आरसे पुरतात. जमिनीचा आरसा मात्र कधीच विसरू नका.

नाटकात पडद्यामागे पत्रा हलवून गडगडाट काढतात. तो इतका खरा कसा वाटतो?

पातळ पत्र्यात वाकण्याच्या लहरी धावतात, उंच सुराच्या जलद आणि खालच्या सुराच्या सावकाश. कडांवरून परत येऊन त्या एकमेकींत मिसळतात. परिणामी अनियमित वेळी येणारे पुष्कळ लहान धक्के ऐकू येतात, आणि गर्जनेची ठेवणही तशीच असते. पहिला कडाका मात्र पत्र्यातून निघत नाही.

लॅपटॉपवर माझी वीज पोकळ ऐकू येते.

लॅपटॉपचे स्पीकर दीडशे हर्ट्झखाली जवळजवळ मुके असतात. गर्जनेचा जीव तिथेच असतो. कानावर बसणारा चांगला हेडफोन घ्या आणि मगच प्रोग्रामला बोल लावा.

विजेच्या तारांखालची गुणगुण हीसुद्धा डिस्चार्जच का?

काही अंशी. पावसात उच्चदाबाच्या तारेवरच्या थेंबांपाशी हवा थोडी थोडी फुटते, ती चरचर. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, आणि प्रत्येक आवर्तनात तार दोनदा शिखराला जाते, म्हणून तिच्यासोबत १०० हर्ट्झची गुणगुण. करायला सोपे आहे. सेकंदाला शंभर वेळा अनियमित ठिणग्यांचा पुंजका सोडा.

घरी उच्चदाबाची ठिणगी पाडून आवाज तपासू का?

नाही. विशेषतः मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळायचे व्हिडिओ पाहून काही करू नका. त्यात माणसे मेली आहेत. स्वयंपाकघरातला पिझो लायटर तपासणीसाठी फसवा आहे, कारण त्याची ‘टक्’ मुख्यतः आतल्या हातोडीची असते.

मग माझी गर्जना बरोबर आहे हे कळणार कसे?

संशोधकांनी फ्लोरिडात कॅम्प ब्लँडिंगला रॉकेटमागे तार सोडून वीज जमिनीवर उतरवली आणि सुमारे ९५ मीटरवर माइकांची रांग लावून वाटेच्या कोणत्या उंचीवरून किती आवाज आला याचे चित्र काढले. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. जास्त प्रवाहाच्या लोटाचा आवाज मोठा, हे त्यात दिसले.

आपल्याला घरच्या घरी करण्यासारखे म्हणजे वळवाच्या दिवसांत खिडकीच्या आतून रेकॉर्डिंग. फोनची आपोआप आवाज कमी-जास्त करण्याची सोय बंद करा, नाहीतर पहिला कडाका दबतो. लख्ख दिसल्यापासूनचे सेकंद मोजून तीनने भागा, म्हणजे किलोमीटर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या ‘दामिनी’ अ‍ॅपवर आसपास कुठे वीज पडली तेही दिसते. सेकंद तिसाच्या आत आले तर माइक बाहेर असला तरी आणायला जाऊ नका. शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे आतच थांबा.

मला आजच सुरुवात करायची आहे. पहिले काय करू?

पाच किलोमीटरची सरळ उभी रेघ घ्या, कान तिच्या पायथ्यापासून शंभर मीटरवर ठेवा. ०.३ सेकंदाला कडाका येईल आणि मग जवळजवळ काहीच नाही. १४.६ सेकंदांपाशी आलेख खूप मोठा केलात तर वरच्या टोकाची बारीक खूण सापडेल. आता एक किलोमीटर उंचीवर त्या रेघेत दोनशे मीटरचा आडवा तुकडा घाला, तुमच्या डोक्यावरून पलीकडे जाणारा. त्याचा प्रत्येक बिंदू तुमच्यापासून १,००० ते १,००५ मीटरवर आहे, त्यामुळे सगळा तुकडा १५ मिलिसेकंदांत बोलतो. २.९ सेकंदाला दुसरा कडाका ऐकू आला तर तुमचा प्रोग्राम बरोबर आहे. आता १६ अंशांची वळणे घाला.